मेण, तेल आणि काळी दारू

काळ्या दारूच्या बंदुकीचा नाद लागला की अर्धा वेळ नेम धरण्यात जातो आणि अर्धा नळी घासण्यात. माझा जीव मात्र तिसऱ्याच गोष्टीत रमतो, वंगणात. सिनसिनाटीत एका प्रयोगशाळेत रसायनांचं काम करून निवृत्त झाले. तिथून तासाभराच्या अंतरावर, इंडियाना राज्यात, फ्रेंडशिप नावाचं खेडं आहे. ठासणीच्या रायफलवाल्यांची १९३३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संघटना इथे मेळे भरवते. मैत्रिणीबरोबर सहज बघायला गेले आणि अडकले. शिकार मी करत नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मला कागदावरचा काळा गोल पुरतो.

वंगण लागतं ते दारूच्या स्वभावामुळे. सोरा ७५ भाग, कोळसा १५, गंधक १०, असं हे जुनं मिश्रण. जळल्यावर त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता क्षारांच्या रूपात घनच राहतो. त्यातला बराचसा धूर होऊन पुढे जातो, उरलेला नळीच्या आत लेपासारखा बसतो. हवा कोरडी असली की हा लेप खरपुडीसारखा कडक होतो. मग चार-पाच बारांनंतर पुढची गोळी तोंडातून आत जाईना. गजावर जोर काढावा लागतो, नळीच्या आतल्या खाचा लेपाने भरतात, गोळी नीट फिरत नाही आणि नेम भलतीकडेच जातो. तेव्हा वंगणाचं खरं काम गोळी सरकवण्यापेक्षा हा लेप मऊ ठेवण्याचं आहे. तो मऊ असला, की पुढची गोळीच त्याला पुसत खाली नेते.

मोटारीचं ग्रीस इथे चालत नाही. काळ्या दारूच्या आगीत त्याचं डांबरासारखं चिकट काहीतरी होतं आणि ते निघता निघत नाही. मीठ असलेलं लोणी किंवा खारवलेल्या मांसाची चरबी तर नकोच, मीठ ओल ओढतं आणि नळी गंजते. जुने लोक मेंढीची चरबी आणि मेण वापरत. आता बरेचजण मेण ५० भाग, क्रिस्को म्हणून मिळणारं वनस्पती तूप ४० आणि कॅनोला तेल १० असं करतात. माझं त्याहून साधं आहे: मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल, वजनाने समसमान. उन्हाळ्यात मेण थोडं वाढवायचं, थंडीत तेल.

मेण मी शनिवारच्या बाजारातून एका मधपाळाकडून घेते. ते शुद्ध नसतं. त्यात मेलेल्या माश्या, पंख, पोळ्याचा कचरा असं सगळं असतं. म्हणून आधी पाण्यात टाकून मंद आचेवर वितळवायचं, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळायचं आणि न हलवता रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी वर पिवळी चकती तरंगते, तिच्या बुडाला राखी गाळ चिकटलेला असतो, तो सुरीने खरवडायचा. मेण ६३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवलं की काम होतं. थेट आचेवर ठेवू नये, मेणाला भडका घ्यायला वेळ लागत नाही. आणि दारूचा डबा त्या खोलीतसुद्धा नको. माझी शेगडी गॅरेजमध्ये आहे आणि दारू दुसरीकडे, कुलपात.

वितळलेल्या मेणात तेल ओतलं की क्षणभर गुठळ्या होतात, मग परत एकजीव होतं. थेंबभर ताटलीवर टाकून बघते. गार झाल्यावर अंगठ्याने दाबलं की ठसा उमटावा पण बोटाला ओघळ लागू नये. जमलं की गोळ्या चिमट्यात धरून बुडवायच्या. माझ्या गोळ्या मिनिए पद्धतीच्या आहेत. कडेला खाचा आणि बुडाला पोकळी, बार झाला की वायूच्या दाबाने बूड फुगून नळीला घट्ट बसतं. खाचा भराव्यात, पोकळी रिकामी ठेवावी. मैदानावर चार बार झाले की नळीच्या तोंडाशी बघायचं. काळं, ओलसर, तेलकट कडं दिसलं तर वंगण पुरतंय. कोरडी राख दिसली तर घरी जाऊन तेल वाढवा.

एकदा मेणात साजूक तूप घालून पाहिलं. तुपात मीठ नसतं, त्यामुळे धोका नव्हता. छान चाललं. मैदानावर बेसनाच्या लाडवांचा वास सुटला होता असं मला वाटलं, मैत्रिणीला काहीच आला नाही.

हे तूप-तेल घोटताना १८५७चं शिपायांचं बंड आठवणं मराठी माणसाला चुकत नाही. पण शाळेत आपल्याला काडतूस दाताने तोडायचं एवढंच शिकवतात, ते बनलेलं कसं होतं हे कोणी सांगत नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या कागदी काडतुसात चरबी गोळीच्या खाचांत असे आणि कागद फेकून देत. इंग्रजांच्या एन्फील्ड रायफलची गोळी गुळगुळीत, म्हणून चरबी बाहेरच्या कागदालाच लावत. दारूच्या बाजूचं टोक दाताने तोडायचं, दारू ओतायची, मग काडतूस उलटं करून चरबीच्या कागदासकट गोळी आत दाबायची. म्हणजे दात लागे ते टोक चरबीचं नव्हे. पण चरबी आपल्याकडच्या उन्हात किती वेळ जागेवर राहणार?

या चरबीला हवा मानवते का हे पाहायला १८५३ मध्ये काडतुसं हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगालच्या लष्करातल्या कर्नल टकरने वंगण कशाचं आहे याची खात्री झाल्याशिवाय ती देशी पलटणींना देऊ नका असं कळवलं होतं. ते कागदातच राहिलं. पुढे कलकत्त्यात काडतुसं बनू लागली, तेव्हा चरबी कोणत्या जनावराची याची चौकशीच कंत्राटदाराकडे झाली नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या शिपायांनी स्वतःच उपाय सुचवला: मेण आणि तेल वापरा. सरकारने महिनाअखेर हुकूम काढला की काडतुसं बिनचरबीची द्यावीत, शिपायांनी हवं ते लावावं. चरबी लावलेली काडतुसं तोवर शिपायांच्या हाती फारशी पडलीही नव्हती, पण संशय चकचकीत कागदापर्यंत पोचला होता आणि तो हुकमाने निघेना.

बंडाची कारणं पुष्कळ होती, सगळं चरबीवर ढकलणं मला पटत नाही. पण शिपायांनी सुचवलेलं ते वंगण मी वापरते. ऑगस्टच्या उकाड्यात ते गळत नाही, कागदात फारसं झिरपत नाही आणि लेप मऊ ठेवतं. टकरचं पत्र वाचून १८५३ मध्येच कोणी मेण-तेलाची चार काडतुसं करून उडवली असती, तर हे त्यांनाही दिसलं असतं.