दिल्लीच्या पत्राचा फेरा

जुलै 1983. दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या सोव्हिएतधार्जिण्या इंग्रजी दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं. लिहिणारा म्हणे न्यूयॉर्कचा नामवंत शास्त्रज्ञ. एड्स हा रोग अमेरिकी लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिकच्या प्रयोगशाळेत निर्माण केला, आता तो भारतातही शिरेल, असा त्याचा इशारा. तेव्हा भारतात एड्सचा एकही रुग्ण आढळला नव्हता. पहिली नोंद 1986 ची, मद्रासमधली. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीच्या एका गाजलेल्या मोहिमेचा आरंभ या पत्रापासून धरतात. अपप्रचाराबद्दलचे चार गैरसमज या मोहिमेवरून तपासता येतात.

गैरसमज : परकी अपप्रचार परक्याच्याच तोंडून येतो.
पत्राकडे सुरुवातीला फारसं कुणी लक्ष दिलं नाही. ऑक्टोबर 1985 मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातुर्नाया गाझेता’ने तीच कथा छापली आणि हवाला दिला तो भारतीय वृत्तपत्राचा! आपलं खोटं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं आणि मग ‘तेच म्हणताहेत’ म्हणून नामानिराळं राहायचं. पुढे पूर्व बर्लिनचे निवृत्त जीवभौतिकशास्त्रज्ञ याकोब झेगाल यांनी तिला शास्त्राची झूल चढवली. 1986 मध्ये लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ने ती पहिल्या पानावर घेतली. मॉस्कोशी काडीचं नातं नसलेलं हे वृत्तपत्र! 1987 पर्यंत कथा 80 हून अधिक देशांत पोचली होती.

गैरसमज : असा प्रचार म्हणजे धादांत खोटं, शहाण्या माणसाला लगेच कळतं.
फोर्ट डेट्रिकमध्ये जैविक अस्त्रांवर काम खरोखरच चालत असे. हल्ल्यासाठीच्या अस्त्रांचा कार्यक्रम राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 1969 मध्ये बंद केला. अलाबामातल्या टस्कीगीत सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने 1972 पर्यंत उपचारांविना ठेवलं, हेही खरं. अफवेला बळ मिळालं ते या खऱ्या पापांचं. बाकी दावा तपासायला दोन तारखा पुरतात. किन्शासात 1959 साली घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात एड्सचा विषाणू एचआयव्ही सापडला आहे, आणि जनुकं कापून जोडण्याचं तंत्र आलं 1973 च्या सुमारास. म्हणजे विषाणू तंत्राच्या आधीचा. हा विषाणू मुळात आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून माणसात आला.

गैरसमज : बातम्यांच्या भानगडीशी राष्ट्रीय सुरक्षेचा काय संबंध?
परदेशांतल्या अमेरिकी तळांवरचे सैनिक एड्स पसरवतात, असा प्रचार मुद्दाम केला गेला. तळ असलेल्या देशातली जनताच विरोधात गेली, तर गोळी झाडावी लागत नाही.

गैरसमज : खुलासा झाला की विषय मिटतो.
1987 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या कथेपासून हात झटकले. 1992 मध्ये रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर सेवेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी या मोहिमेची कबुलीही दिली. तरी 2005 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास निम्म्या आफ्रिकी-अमेरिकींना एचआयव्ही मानवनिर्मित वाटत होता. त्याच पाहणीनुसार, एड्सबद्दलच्या अशा कटकथांवर ज्या पुरुषांचा विश्वास अधिक, त्यांच्यात कंडोमचा नियमित वापर कमी होता.