घाम गळतो की वाळतो?

उन्हाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या खोलीत व्यायाम करताना घामाच्या धारा लागल्या, की व्यायाम चांगला झाला असे आपण समजतो. हे कितपत खरे?

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी फार तर पाव हिस्सा कामी येतो; बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. व्यायामाची सायकल जोराने चालवताना ही उष्णता सेकंदाला सुमारे 350 ज्यूल असते. ती अंगातच साठली, तर 60 किलोग्रॅम वजनाच्या माणसाचे तापमान 10 मिनिटांत 1 अंश सेल्सिअसने वाढेल!

त्वचेचे तापमान 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली, की सुटकेचा मार्ग एकच: घामाचे बाष्पीभवन. 1 ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता नेतो. गळून पडलेला घाम जवळजवळ काहीच नेत नाही. बंद खोलीत हवा दमट होत जाते आणि घाम वाळेनासा होतो. म्हणून पंख्याबरोबर दारे-खिडक्याही उघडाव्यात, व्यायाम पहाटे करावा. चक्कर, मळमळ वाटल्यास लगेच थांबावे. बोलणे असंबद्ध झाल्यास अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

वर्गात दोन तापमापींच्या फुग्यांना ओले फडके गुंडाळा. एकाला वारा घाला, दुसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. थोड्या वेळाने विद्यार्थ्यांनाच तापमान वाचायला सांगा.