रंगवलेल्या केसांना नेमके हवे तरी काय?

लग्नसराई तोंडावर आली की घराघरात एक कार्यक्रम हमखास ठरतो, केस रंगवण्याचा. रंग लावल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस झकास जातात. केस काळेभोर किंवा तपकिरी दिसतात, आरशापुढून हलावेसे वाटत नाही. मग हळूहळू फणी अडकू लागते. टोके झाडूच्या काड्यांसारखी होतात, वेणी फुगते, हात फिरवला की केस खरखरीत लागतात. तिथून शोध सुरू होतो चांगल्या कंडिशनरचा.

दुकानात गेल्यावर गोंधळ आणखी वाढतो. काही रुपयांच्या पुडीपासून हजार-दीड हजारांच्या बाटलीपर्यंत सगळे एकाच फळीवर मांडलेले असते. एकीवर ‘खोलवर पोषण’ लिहिलेले, दुसरीवर ‘केसांची दुरुस्ती’, तिसरीवर ‘केराटिनयुक्त’. मैत्रीण एक सांगते, पार्लरवाली ताई दुसरेच सुचवते. या गोंधळात पैसे तर जातातच, कधी कधी त्याहून महत्त्वाचे काही पणाला लागते. म्हणून बाटली उचलण्याआधी केस म्हणजे काय आणि रंग त्याचे काय करतो, हे समजून घेतलेले बरे.

टोकाचा केस अडीच वर्षांचा

केसाचा जिवंत भाग टाळूच्या आत, मुळाशी असतो. बाहेर दिसणारा केस म्हणजे केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ज्या बाईचे केस तीस सेंटिमीटर लांब आहेत, तिच्या केसांची टोके अडीच वर्षांची जुनी आहेत. तेवढ्या काळातली ऊन, धूळ, विंचरणे, टॉवेलने खसाखसा पुसणे, इस्त्री, सगळे त्यांनी सोसलेले असते. कातडीला जखम झाली तर ती भरून येते, केसाची झीज मात्र भरून येत नाही. ‘दुरुस्ती’ हा बाटलीवरचा शब्द वाचताना हे लक्षात ठेवावे.

केसाच्या बाहेरच्या बाजूला पारदर्शक खवल्यांचे थर असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक. त्यांना क्युटिकल म्हणतात. कौले नीट बसलेली असली की प्रकाश एकसारखा परावर्तित होतो आणि केस चमकतो. या खवल्यांवर निसर्गाने एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे निरोगी केसावर पाणी चटकन मुरत नाही आणि एक केस दुसऱ्यावरून सहज घसरतो.

रंगामुळे काय होते?

कायमस्वरूपी रंग केसाच्या गाभ्यात शिरावा लागतो. त्यासाठी अमोनियासारखा अल्कधर्मी पदार्थ केस फुगवतो आणि खवले उघडतो. मग हायड्रोजन पेरॉक्साइड दोन कामे करते. केसातले नैसर्गिक रंगद्रव्य फिके करते आणि रंगाच्या लहान रेणूंना एकमेकांशी जोडून मोठे करते. मोठे झालेले रेणू आतच अडकतात, म्हणून रंग टिकतो.

पण या खटाटोपात तो वरचा मेदाचा थर निघून जातो. पाणी झटकणारा केस पाणी शोषणारा होतो, खवल्यांच्या कडा उचकटतात आणि केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार वाढतो. ब्लीच केले असेल तर हे सगळे कैकपटींनी होते. ‘अमोनियामुक्त’ रंगांना उग्र वास नसतो हे खरे, पण त्यांतही बहुधा दुसरा अल्कधर्मी पदार्थ आणि पेरॉक्साइड असतेच. त्यामुळे त्यांनी केस अजिबात कोरडे होत नाहीत असे समजू नये.

कंडिशनर चिकटतो कसा?

इथे कंडिशनरचे खरे काम सुरू होते. त्यातल्या मुख्य घटकांवर धन विद्युतभार असतो. चुंबकाची विरुद्ध टोके एकमेकांना खेचतात, तसे हे घटक केसाच्या ऋणभारित जागांना जाऊन चिकटतात. विशेष म्हणजे जिथे झीज जास्त, तिथे ऋणभार जास्त आणि तिथेच कंडिशनर अधिक बसतो. धुतल्यानंतरही त्याचा पातळ पापुद्रा केसावर राहतो. खवले चापून बसतात, केसांचे घर्षण कमी होते, गुंता सुटतो आणि विंचरताना केस तुटण्याचे प्रमाण घटते.

थोडक्यात, कंडिशनर केस बरा करत नाही, हरवलेल्या थराच्या जागी तात्पुरता थर देतो. पुढच्या शाम्पूत तो बराचसा निघून जातो, म्हणून प्रत्येक वेळी डोके धुतल्यावर तो लावावा लागतो. महागडा कंडिशनर महिन्यातून दोनदा लावण्यापेक्षा परवडणारा कंडिशनर दर धुण्याला लावणे केव्हाही चांगले.

बाटलीची मागची बाजू

पुढच्या बाजूला जाहिरात असते, खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. घटकांची नावे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. फक्त एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. त्यामुळे यादीच्या पहिल्या पाच-सहा नावांना महत्त्व द्यावे. पुढे मोठ्या अक्षरांत मिरवणारे एखादे दुर्मीळ तेल मागे अत्तराच्याही खाली दिसले, तर ते नावापुरतेच आहे असे समजायला हरकत नाही.

बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रीमोनियम क्लोराइड ही नावे दिसली तर ते धनभारित घटक आहेत. सेटिल, स्टिअरिल किंवा सेटेअरिल अल्कोहोल पाहून दचकू नये. हे केस कोरडे करणारे अल्कोहोल नव्हे, तर मेणासारखे स्निग्ध पदार्थ आहेत. डायमेथिकोन हे सिलिकोन केसावर गुळगुळीत थर देते. अमोडायमेथिकोन हे त्याचेच भावंड धनभारित असल्याने झिजलेल्या जागा धरून बसते, म्हणून रंगवलेल्या केसांसाठी ते उपयुक्त ठरते. सिलिकोनने केस ‘गुदमरतात’ ही समजूत चुकीची आहे, कारण निर्जीव धागा श्वास घेत नाही. बारीक, तेलकट केस मात्र त्याने चिपकू दिसू शकतात.

‘केराटिनयुक्त’ म्हणजे प्रथिनाचे बारीक तुकडे. ते केसावर थर देतात, केसाला काही काळ भरीवपणा येतो, पण त्यांचा नवा केस बनत नाही. अति वापराने काहींचे केस उलट ताठ आणि राठ लागतात.

आम्लता म्हणजे पीएच हाही मुद्दा आहे. किंचित आम्लधर्मी वातावरणात खवले मिटलेले राहतात, म्हणून बहुतेक कंडिशनर आम्लधर्मी असतात. शाम्पूंचे तसे नाही. ब्राझीलमधील एका त्वचारोगतज्ज्ञ महिलेने १२३ शाम्पूंचा पीएच तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे ३८ टक्के शाम्पूंचाच पीएच ५.५ किंवा त्याहून कमी निघाला. शाम्पू अल्कधर्मी असेल तर नंतरच्या कंडिशनरची गरज आणखी वाढते. अंगाच्या साबणाने डोके धुणे तर रंगवलेल्या केसांसाठी सर्वांत वाईट.

केस तसा कंडिशनर

केस बारीक आणि विरळ असतील तर पातळ, हलका कंडिशनर घ्यावा. जाड, कुरळे किंवा ब्लीच केलेले केस असतील तर दाट, क्रीमसारखा चालतो, आठवड्यातून एकदा हेअर मास्कही लावता येतो. उन्हात फिरती असेल किंवा केसांना इस्त्री करण्याची सवय असेल, तर न धुता ठेवायचा लीव्ह-इन प्रकार उपयोगी पडतो.

लावण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. शाम्पू टाळूला, कंडिशनर केसांना, हे सूत्र ध्यानात ठेवावे. केस हलकेच पिळून पाणी काढावे आणि कानाच्या खालच्या पातळीपासून टोकांपर्यंत कंडिशनर लावावा. खांद्यापर्यंतच्या केसांना दहा रुपयांच्या नाण्याएवढा पुरतो. रुंद दातांच्या कंगव्याने तो पसरवावा, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि धुऊन टाकावा. टाळूवर थापल्यास केस चिकट होतात, कपाळावर पुटकुळ्याही येऊ शकतात.

खोबरेल, शिकेकाई आणि अंडे

आजीच्या फडताळातले काय चालते? खोबरेलाच्या बाजूने चांगला पुरावा आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना केली. केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसात शिरतो, असे त्याचे कारण दिले जाते. कंपनी खोबरेलच विकते हे ध्यानात ठेवायला हवे, पण निष्कर्षामागचे शास्त्र पटण्याजोगे आहे. तेल धुण्याच्या आधी लावावे, म्हणजे केस पाण्याने कमी फुगतात. त्यावर शाम्पू आणि शेवटी कंडिशनर असा क्रम ठेवला तर दोन्हींचा लाभ मिळतो.

शिकेकाईचा काढा आम्लधर्मी असतो, ही त्याची जमेची बाजू. मात्र भरड पावडर केसांत चोळल्यास खवले खरवडतात, म्हणून काढा गाळून वापरावा. अंड्यातले प्रथिन रेणू मोठे असल्याने केसात शिरत नाहीत. लिंबाचा निव्वळ रस तर टाळूची आग करतो. आणि बाजारात ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणारी पूड बहुधा निव्वळ मेंदी नसते. मेंदीचा नैसर्गिक रंग लालसर-नारिंगी असतो. काळेपणासाठी त्यात बऱ्याचदा पीपीडी हे रसायन असते आणि काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. म्हणून कोणताही रंग वापरण्याआधी ४८ तास कानामागे थोडा लावून पाहण्याचा कंटाळा करू नये.

बोअरवेल किंवा टँकरच्या जड पाण्याचाही केसांवर परिणाम होतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसतात, केस निस्तेज आणि राठ लागतात. अशा भागात शेवटचे एक-दोन तांबे गाळलेल्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचे घेतले तरी फरक जाणवतो. रंग फिका होण्यातही पाण्याचाच मोठा वाटा असतो. म्हणून केस रोज धुण्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा, कोमट पाण्याने धुवावेत.

‘कायमच्या’ उपायापासून सावध

कंडिशनरने समाधान होत नाही तेव्हा पार्लरमध्ये ‘केराटिन’ किंवा ‘स्मूदनिंग’ सुचवले जाते. अनेक महिने सरळ, रेशमी केस मिळतील असे आश्वासन असते. यातल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हा पदार्थ माणसांत कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवला आहे. बंद, वातानुकूलित खोलीत ग्राहकाइतकाच, किंबहुना जास्त धोका रोज हे काम करणाऱ्या मुलींना असतो.

त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्सिलिक आम्लाची क्रीम आली. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिगत प्रसिद्ध झाली. केस सरळ करून घेतल्यावर तिच्या टाळूची आग झाली, फोड आले. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वर्षे प्रत्येक वेळी तिच्या मूत्रपिंडांचे कार्य अचानक बिघडले. ती त्यातून सावरली. संशोधकांनी तीच क्रीम उंदरांच्या त्वचेवर लावली, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचले. म्हणून अशी प्रक्रिया करण्याआधी बाटलीवरचे घटक वाचायला मागावेत. ते दाखवले जात नसतील, तर सरळ उठून यावे. प्रक्रियेनंतर उलट्या, पाठदुखी किंवा लघवी कमी होणे असा त्रास झाला, तर डॉक्टरांना केसांच्या प्रक्रियेबद्दल आवर्जून सांगावे.

दोष बाटलीचा नसेल तर

कोरडेपणा नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. रंग न लावताही केस एकाएकी राठ झाले, गळू लागले, सोबत थकवा, वजनवाढ, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ अशा तक्रारी असल्या, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता हे केस गळण्याचे एक कारण असू शकते. अशा वेळी एकामागून एक कंडिशनर बदलण्यात वर्ष निघून जाते आणि आजार तसाच राहतो. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडच्या चाचणीला लागणारा खर्च एखाद्या महागड्या बाटलीइतकाच असतो.

बाकी, फाटलेल्या टोकांवर कात्री हाच खरा उपाय. दोन-तीन महिन्यांनी अर्धा इंच कापावा आणि पूर्ण केसांना पुन्हा पुन्हा रंग न लावता फक्त वाढलेल्या मुळांपुरताच लावावा. मग साध्या कंडिशनरचेही काम पुष्कळ सोपे होते.