पितळ भट्टीतील वायुप्रवाह व धूलिनियंत्रण : भंडाऱ्याच्या संदर्भात

भंडारा हे शहर पितळी भांड्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू होय. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. त्यामुळे वितळलेल्या तांब्यात जस्त मिसळताना त्याची वाफ होते व हवेशी संयोग होऊन तिचे जस्त ऑक्साइडच्या पांढऱ्या, अतिसूक्ष्म धुळीत रूपांतर होते. ही धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरत असल्याने त्याचे खरे कारण दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

भट्टीत हवेची दोन कार्ये असतात : निखाऱ्यांना प्राणवायू पुरविणे व धूर बाहेर नेणे. भाता किंवा ब्लोअर केवळ पहिले कार्य करतो. दुसऱ्यासाठी मुशीच्या तोंडालगत शोषक छत्र व त्यास जोडलेले धुराडे आवश्यक ठरते. साधा पंखा ही धूळ कार्यशाळाभर पसरवितो आणि तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवू शकत नाही. मुशीतील रसावर लोणारी कोळशाच्या भुकटीचा थर ठेवल्यास जस्ताचे बाष्पीभवनही घटते. सारांश, धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच ती पकडणे, हेच नियंत्रणाचे मूलतत्त्व होय.