हरत आलेला डाव बरोबरीत कसा सुटतो?

हौशी खेळाडूंच्या बुद्धिबळ स्पर्धेत निकालाच्या तक्त्यावर दोघांनाही अर्धा गुण दिसला, की झुंज तुल्यबळ झाली असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतील कित्येक डाव एकाने जिंकत आणलेले आणि दुसऱ्याने वाचविलेले असतात. नामवंतही याला अपवाद नाहीत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. त्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. पहिल्यात तर दिव्याची बाजू वरचढ होती. निर्णय अखेर जलद डावांत लागला.

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीडच्या एखाद्या विद्यार्थ्याने शालेय स्पर्धेला जाताना सुरुवातीच्या चाली पाठ कराव्यात, हे ठीकच. परंतु शेवटची एक स्थिती त्याने अवश्य ध्यानात ठेवावी. समजा, पांढऱ्याकडे राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट आणि उजव्या कडेच्या एच पट्टीतील प्यादे आहे. काळ्याकडे केवळ राजा. पाहणाऱ्याला पांढऱ्याचा विजय निश्चित वाटतो. मात्र प्याद्याचा वजीर होण्याचे घर, एच-८, काळ्या रंगाचे आहे. काळा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला, की या उंटाला त्याला तेथून हुसकावता येत नाही. त्या घरावर त्याचा मारा कधीच पोहोचत नाही. पांढऱ्याने साऱ्या वाटा अडविल्या, तर काळ्याला शह नसतो आणि चालही उरत नाही. हेच स्टेलमेट, डाव बरोबरीत. उंट काळ्या घरांचा असता, तर निकाल उलटा लागता!

स्टेलमेट आपोआप लागू होते. काही बरोबऱ्या मात्र मागाव्या लागतात, आणि हौशी खेळाडू नेमके येथेच चुकतात. तीच स्थिती, त्याच खेळाडूची चाल असताना, तिसऱ्यांदा आली किंवा दोघांच्याही ५० चालींत प्यादे हलले नाही आणि काही मारलेही गेले नाही, तर पंचांकडे दावा करावा लागतो. तीच स्थिती पाचव्यांदा आल्यास किंवा अशा ७५ चाली झाल्यासच पंच स्वतःहून डाव थांबवितात. चालींची नोंद अपुरी असेल, तर दावा सिद्ध करणे अवघड होते.

परस्परसंमतीच्या बरोबरीलाही रीत आहे. आधी चाल करावी, मग प्रस्ताव मांडावा आणि त्यानंतर घड्याळ दाबावे. प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली, पण आपल्याकडे एकटा राजाच शिल्लक असेल, तर मिळतो तो अर्धाच गुण.