भिऊबाईचा माग: जुन्या कागदांत बाई कशी शोधायची?

मंडळी, नीरा-भीमेच्या संगमावरचा हा लक्ष्मी-नृसिंह अनेक घराण्यांचं कुलदैवत. तेव्हा नरसिंहपुरात घराण्याचा विषय निघणारच. पण घराणं म्हटलं की आपण बाप, आजोबा, पणजोबा एवढंच मोजतो. पणजीचं माहेर विचारलं की गप्प होतो. म्हणून आज आपण पाहू, जुन्या कागदांत बाईचा माग कसा काढायचा.

उदाहरण शेजारच्या बारामतीचं घेऊ. पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांना बाजीराव व चिमाजीअप्पा हे मुलगे, भिऊबाई आणि अनूबाई या मुली. अनूबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे गेली. भिऊबाईला बारामतीच्या आबाजी नाईक जोश्यांच्या घरी दिली. आबाजींचे भाऊ बापूजी नाईक, मोठे सावकार. 1740 साली बाजीराव वारले, तेव्हा पेशवेपदासाठी नानासाहेबांच्या विरोधात उभे राहिले ते हेच बापूजी. रघूजी भोसल्यांचं त्यांना पाठबळ होतं. वस्त्रं मात्र शाहू महाराजांनी नानासाहेबांना दिली.

आता नाती लावून बघा. नानासाहेब भिऊबाईचा भाचा, बापूजी तिचा दीर. म्हणजे हा वाद तिच्या माहेरात आणि सासरात होता. दोघांची नावं प्रत्येक इतिहासात आहेत. ही दोन घरं जिच्यामुळे सोयरी झाली, तिच्या वाट्याला बहुधा वंशावळीतली एक ओळ येते.

मग शोधायचं कसं? पहिली गोष्ट, नुसत्या नावामागे जायचं नाही. लग्नात नाव बदलण्याची आपली चाल. एकाच बाईची दोन नावं असू शकतात. नाव बदलतं, नातं बदलत नाही. भावाच्या पत्रात ती बहीण, मुलाच्या पत्रात मातोश्री. म्हणून तिच्याभोवतीच्या पुरुषांचे कागद आधी वाचायचे.

दुसरी, मायना बघायचा. एका पत्रात ‘सौभाग्यवती’ आणि पुढच्या पत्रात ‘गंगाभागीरथी’ असेल, तर नवरा त्या दोन तारखांच्या मधे वारला. मृत्यूची नोंद नसली तरी काळ हाती येतो.

तिसरी, तारीख सोडवायची. ‘खमस अर्बैन मया व अलफ’ म्हणजे पाच, चाळीस, शंभर, हजार: शुहूर सन 1145. त्यात 599 मिळवले की 1744 येतं. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून पुढच्या जानेवारीपासून 600 मिळवायचे.

चौथी, पैसा आणि जमीन. चोळी-बांगडीसाठी दिलेलं उत्पन्न, दत्तकपत्र, वाटणीपत्र, इथे बाई स्वतःच्या नावानं भेटते. असे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत. त्यातले निवडक कागद सरदेसाईंनी 45 खंडांत छापले.

तुम्ही म्हणाल, आमची पणजी पेशव्यांची लेक नव्हती. खरंय. तिच्यासाठी तहसीलमधला गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी लोकांनी मोडी कागद पिंजून काढले. पण दाखल्याला बापाकडची साखळी लागते, म्हणून आजीचं माहेर तसंच राहिलं.

कागदाच्या आधी माणसं जातात. तेव्हा आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्या बायकांना चार गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा: लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव, गाव आणि माहेरचं कुलदैवत. उद्याच्या शोधाला तेवढा धागा पुरतो.