पुडी गेली, पन्नी राहिली

सकाळी पावणेनऊ

गेटवर आमचे शिपाईमामा आत येणाऱ्या प्रत्येकाला खिसे तपासायला सांगतात. खर्रा असेल तर तो टेबलावरच्या खोक्यात टाकायचा आणि मगच केसपेपर काढायचा. आज बाजाराचा दिवस असल्यामुळे ओपीडी सुरू होण्याआधीच खोकं निम्मं भरलंय. रबर लावून बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पन्न्या, आत चुन्यात घोटलेली सुपारी आणि सुगंधी तंबाखू. महाराष्ट्रात खर्र्यावर बंदी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात दंत शल्यचिकित्सक म्हणून काम करताना त्या बंदीचं काय झालं, हे मला रोज इथूनच दिसायला लागतं.

साडेनऊ

बावीस वर्षांचा मुलगा. ट्रॅक्टर चालवतो, दाढ दुखते म्हणून आलाय. खुर्चीत बसवून "मोठा आ कर" म्हटलं.

"एवढंच उघडते जी, मॅडम."

त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. निरोगी माणसाची तीन बोटं सहज जातात, याची दोन जाता जाता अडकली. पट्टी लावून पाहिलं तर वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अंतर २१ मिलिमीटर. गालाची आतली बाजू पांढुरकी पडलेली, बोट फिरवलं की आत ताठ पट्टे हाताला लागतात. जेवणाचं विचारलं, तर म्हणाला, तिखट सोसत नाही, भाजी पाण्यात धुऊन खातो. आईला वाटतं, पोराला पित्त झालंय.

या आजाराला आम्ही सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. त्याचं मुख्य कारण सुपारी. तंबाखू जोडीला आली की कॅन्सरची वाट आणखी सोपी होते. "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो," असं सांगणारे मला रोज भेटतात. त्यांना समजवायला फार वेळ जातो, कारण सुपारी पूजेत असते, लग्नात असते, ती वाईट कशी असेल? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय.

मुलगा खर्रा कधीपासून खातो? सातवीपासून. राज्यात गुटखाबंदी आली २० जुलै २०१२ ला. तेव्हा हा चौथीत होता. म्हणजे याचं व्यसन सुरू झालं ते बंदीच्या काळात, आणि वाढलंही बंदीच्याच काळात. केसपेपरवर लिहिताना माझा हात इथे थांबतो.

बारा

गर्दी ओसरली की एका सिस्टरशी नेहमीचा वाद होतो. त्यांचं म्हणणं, बंदी नुसती कागदावर आहे, काढून टाका. मला ते पटत नाही.

बंदीने पुडी मारली. पूर्वी प्रत्येक टपरीवर, शाळेच्या वाटेवर, पोराच्या हाताला लागतील अशा पुड्यांच्या माळा लटकायच्या. त्या गेल्या. गुटखा लपून विकला जातो, महाग मिळतो, हे खरं. पण माल लपवावा लागतो आणि महाग पडतो, हेही थोडं नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणात २००९-१० साली राज्यातले ३१.४ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. ही सगळी घट बंदीचीच असं मी म्हणणार नाही. करवाढ, पाकिटावरची चित्रं, शाळांतली मोहीम, सगळ्यांचा वाटा त्यात आहे.

खर्र्याची गोष्ट मात्र वेगळी. गुटख्याला कारखाना होता, नाव होतं, ट्रक होता, तेव्हा सरकारला धरायला काहीतरी होतं. बंदीचा आधार अन्नसुरक्षा कायदा. अन्नात तंबाखू किंवा निकोटिन घालायचं नाही, हा त्यातला नियम. आदेश एका वर्षाचा, म्हणून दरवर्षी नव्याने काढतात. पुढे सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्रा यांचाही त्यात समावेश झाला. पण खर्रा ठेल्यावर गिऱ्हाइकासमोर तयार होतो. साधी सुपारी विकायला मनाई नाही, चुन्याला नाही. सुगंधी तंबाखूचा डबा तेवढा फळीखाली ठेवायचा. घोटायला दोन-चार मिनिटं लागतात आणि पुरावा गिऱ्हाइकाच्या तोंडात जातो. बारा तालुक्यांच्या, जंगलाच्या जिल्ह्यात मोजके अन्न सुरक्षा अधिकारी असा किती खर्रा पकडणार?

दुपारी अडीच

गावभेट. आधी शाळा. शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही हा २००३ चा कायदा. फाटकाजवळ तशी पिवळी रेषा मारलेली आहे आणि गुरुजी ती दरवर्षी नव्याने रंगवून घेतात. मुलांना ओळीने उभं करून तोंडं बघितली. सहावीतल्या एकाच्या दातांवर डाग होते. "बाबाचा आणायला जातो, मग थोडा खातो," तो सरळ बोलून गेला. त्याला रागावण्यात काही अर्थ नव्हता.

चार

समाजमंदिरात बायकांची बैठक. २०१६ पासून जिल्ह्यात मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखूवर गावोगाव काम करतंय, त्यातून इथे समिती झाली. या बायकांना बंदी नवी नाही. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरमध्ये ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, तेही त्यांनी पाहिलंय. त्यामुळे आदेश निघाला म्हणजे झालं, असं इथे कुणी मानत नाही.

गावात ठेला एकच, एका विधवा बाईचा. तीही बैठकीला आली होती. "खर्रा नाही ठेवला तर गिऱ्हाईक बिस्किटालाही थांबत नाही. मी काय खाऊ?" सगळ्या गप्प झाल्या. तिचा प्रश्न खरा आहे, आणि बंदीच्या कुठल्याही आदेशात त्याला उत्तर नाही. बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं ते असं: बचत गटाने तिला कर्ज द्यायचं, तिने किराणा आणि भाजी ठेवायची, आणि शेजारच्या गावाहून खर्रा आणणाऱ्यांना ग्रामसभेत उभं करायचं. अनुसूचित क्षेत्रासाठीच्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंधन घालायचा अधिकार दिलाय, तो वापरायचा. जमेल की नाही, सांगता येत नाही. पण विकणारी, खाणारा आणि त्याची बायको एका सतरंजीवर बसून बोलतात, तिथे माझ्या अनुभवात खर्रा कमी होतो. नुसती धाड पडते तिथे तो आठवड्याने परत येतो.

सिस्टरशी होणाऱ्या वादात भूतानचं नाव येतंच. भूतानने २००४ मध्ये देशभर तंबाखूची विक्रीच बंद केली होती. पुढे तुरुंगवासाचा कडक कायदाही केला. सीमेवरून माल येत राहिला आणि २०२१ मध्ये विक्रीवरची बंदी उठवावी लागली. सिस्टर हे उदाहरण माझ्याविरुद्ध देतात. मी त्यातून एवढंच घेते, की व्यसन सोडवायला हाताशी माणूस नसेल, तर मागणी तशीच राहते आणि माल वाट काढतो. तो माणूस द्यायचं काम सरकारचं आहे. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००११२३५६ हा मोफत क्रमांक आहे, पण आमच्या कित्येक गावांत फोनला रेंजच नसते.

साडेपाच

परत येऊन नोंदी. सकाळच्या मुलाला तोंडाचे व्यायाम दाखवले होते: दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या ठेवायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. खर्रा थांबला तर आजार तिथेच अडवता येतो. गेलेलं सगळं परत मिळत नाही, हेही त्याला सांगितलं. डाव्या गालात मागे एक लालसर चट्टा आहे, तो मला आवडलेला नाही. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाला बायोप्सीसाठी पत्र लिहिलं आणि त्याच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. मंगळवारी पहाटेच्या एसटीत त्याला बसवून द्यायचं, जमलं तर सोबत जायचं, आणि घरी अजून कुणाला काही बोलायचं नाही. आईला काय आणि कसं सांगायचं, ते मी बुधवारी स्वतः जाऊन बघेन.